ओढ्याकाठच्या गाड्या

एल्डन व्होट्रुबा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याच्यासारखा हट्टी माणूस सगळ्या नेब्रास्कात शोधून सापडायचा नाही, हे मी त्याला तोंडावर तीस वर्षं सांगत आले. तो ऐकून घ्यायचा, कॉफीचा घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "मार्व्हा, खसखशीचे कोलाचे उरलेत का गं?" बस्स, माझ्या हातच्या त्या गोड पावांवर सगळं मिटायचं. जो भांडायलाच तयार नाही त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

त्याचं शेत ओढ्याच्या वळणावर. वळणाच्या वर आम्हा बोहेमियन, म्हणजे चेक, लोकांची जुनी दफनभूमी आहे आणि ओढा नेमका तिच्या पायाशी वळतो. पाणी वाढलं की काठ खायचा. एल्डनच्या बापाने, म्हाताऱ्या लाडिस्लावने, त्यावर आमच्या भागातला जुना इलाज केला होता. मेलेल्या मोटारी काठाला लावायच्या. इंजिन काढून विकायचं, काचा खाली करायच्या, आत फुटकं काँक्रीट नि शेतातले धोंडे भरायचे आणि नाक पाण्याकडे करून गाडी काठावरून ढकलून द्यायची. मग खिडक्यांतून तारेचा जाड दोर ओवून एकीला दुसरीशी बांधायचं आणि टोक वरच्या कॉटनवूडच्या खोडाला आवळायचं. पुढे गाडीत गाळ भरतो, वाळुंजाची झाडं उगवतात, काठ धरतो. लाडिस्लावने असं करत करत सगळं वळण गाड्यांनी मढवलं होतं. फोर्ड, नॅश, हडसन, सगळ्या तिथे नाक खुपसून बसलेल्या.

अगदी वरच्या टोकाची शेवटची गाडी आमची होती. एकोणसाठ सालची शेवरले, माझ्या नवऱ्याने, डेलने, एका गाईवर घातलेली. गाय मेली, गाडी मेली आणि डेलला साधं खरचटलंही नाही.

त्या टोकाच्या बरोबर वर माझी बहीण डार्लिन आहे. तिचा आणि एल्डनचा मिळून एकच दगड. त्याचं नाव, जन्मसाल आधीच कोरून ठेवलंय, पुढची जागा तेवढी कोरी. सगळ्या दफनभूमीचं गवत तोच यंत्राने कापायचा, पण तिच्या दगडाभोवतीचं गुडघे टेकून, कात्रीने. मी एकदा बघितलं आणि काही न बोलता परत फिरले. माझ्यासाठी ते नवलच.

त्याचा दुसरा जीव होता पॉन्टियॅकवर. बासष्टची कॅटलिना, फिकट निळसर हिरवी, आत पांढऱ्या सीटा. लग्नाच्या वर्षी घेतलेली. डार्लिन गेल्यापासून ती कोठारात गोधड्यांखाली असायची. रविवारी चर्चमधून आला की इंजिन चालू करायचा आणि डोळे मिटून ऐकत बसायचा. बाहेर काढायचा ती वर्षातून एकदाच, मे महिन्याच्या शेवटी, कबरींवर फुलं ठेवायच्या दिवशी. कॉफीच्या रिकाम्या डब्यांत पिओनीची फुलं घालून मागच्या सीटवर ठेवायचा आणि कुरण ओलांडून इतका हळू यायचा की त्याच्याआधी गाई पोचायच्या.

"एल्डन, चालत आलास तर डार्लिन रागावणार नाही हं," मी म्हणायचे.

"ही मला तिच्यापर्यंत पोचवते," तो म्हणायचा. "शेवटच्या खेपेलाही हीच पोचवणार. त्यानंतर तुम्ही तिचं काय हवं ते करा."

मूलबाळ नव्हतं त्यांना. 'तुम्ही' म्हणजे मी आणि डेल.

त्या वर्षी पानगळीत स्टेलन आला. स्वीडनचा, ताडमाड उंच, दारात बूट काढून आत येणारा. त्याला आमच्या जुन्या गाड्या हव्या होत्या, तिकडे नेऊन नव्यासारख्या करायला. आता आमच्याकडे जी गाडी मरते आणि काठाला लागत नाही, ती घरामागच्या झाडांच्या रांगेत जाते. तिथे तिच्यातून झाडं उगवतात, कोंबड्या अंडी घालतात, आणि घरचा पुरुष मरेपर्यंत सांगत राहतो, "पुढच्या हिवाळ्यात काढतो तिला नीट." असे हिवाळे मी किती पाहिले ते विचारू नका. त्यामुळे स्टेलनने विकत मागितल्याबरोबर आमच्या पुरुषांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"गाडी आमची," डेल आमच्या टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "आणि मिरवणार कोण, तर समुद्रापलीकडचे मासेखाऊ?"

"मग तुम्ही चालवा ना," स्टेलन शांतपणे म्हणाला. "मी इथे बसतो. चालू करून दाखवा."

डेल लालबुंद झाला आणि मी हसता हसता कॉफी सांडली. आठवड्याभरात आमच्या झाडांमागच्या दोन्ही गाड्या ट्रेलरवर चढल्या. मग शेजारच्यांच्या. मग सगळ्यांच्या. हिवाळा अर्धा सरेपर्यंत आमच्या पंचक्रोशीतल्या झाडांमागे पिवळ्या गवताचे चौकोन तेवढे उरले. मला तर बरंच वाटलं, सापांची घरं गेली. पण स्टेलनने एक फोटो दाखवला होता. आमच्याच भागातून नेलेली एक ब्युइक, तिकडच्या कुठल्याशा तळ्याकाठी उभी, इतकी चकचकीत की तिच्यात झाडं दिसत होती. तो फोटो बघून मला लाज वाटली. कशाची, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

स्टेलनची नजर कॅटलिनावर पडणारच होती. पडली. त्याने तिला हातसुद्धा लावला नाही, टोपी काढून नुसता उभा राहिला.

"नाही," एल्डन म्हणाला. अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

"छप्पर गळतंय तुमचं," स्टेलन म्हणाला. "तळ गंजायला लागलाय. तिकडे हिला रोज पुसतील. इथे तुमच्यानंतर कोण आहे?"

मी तिथेच होते. एल्डनचे कान लाल झाले. स्टेलनने तोंडात मारली असती तरी एवढं लागलं नसतं, कारण बोलला तो खरंच. दोन दिवसांनी स्टेलन पुन्हा आला. मग पुन्हा. गोड बोलून तो विचारत राहिला, आणि एल्डनला गोड माणसाला हाकलता येत नाही.

शेवटी आपल्या पॉन्टियॅकवरून त्याची नजर काढायची म्हणून एल्डन म्हणाला, "काठाची वरची ने हवी तर. शेवरले. मागचा भाग पाण्याला लागलेला नाही, मागचे पत्र्याचे पंख धड आहेत, काचसुद्धा."

स्टेलनचे डोळे चमकले. ते पंख त्याला हवेच होते. एल्डनने पैसे घेतले नाहीत. बदल्यात दगड मागितले. खाणीतले चुनखडीचे मोठे दगड, दोन ट्रक, गाडी काढली की त्याच जागी टाकायचे. गंजकं पत्र्याचं खोकं जाणार आणि अस्सल दगड येणार. यात मलासुद्धा खोड काढता आली नाही, आणि मला ती कशातही काढता येते.

गाडी काढली फेब्रुवारीत, जमीन लोखंडासारखी गोठलेली असताना, म्हणजे ओढणारा ट्रक काठावर उभा राहू शकतो. दगड मार्चच्या सुरुवातीला यायचे होते. थंडी मार्च अर्धा सरेपर्यंत टिकणारच, असा एल्डनचा हिशेब. आमच्याकडे सगळे हाच हिशेब करतात आणि कधीतरी एखाद्या वर्षी तो चुकतो.

दोर कापून शेवरले ओढली तेव्हा काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. वाळुंजाची मुळं तिच्या तळातून, स्टिअरिंगमधून, सीटांच्या स्प्रिंगांतून आरपार गेलेली. गाडी वर आली आणि तिच्यामागोमाग अख्खं झाड आलं, झाडामागोमाग काठाचा लचका. मुळं आधी कापायला हवी होती. एवढी माणसं उभी होती, कुणाच्या डोक्यात आलं नाही. स्टेलन पांढराफटक पडला.

"दगड येतील ना," एल्डन म्हणाला. पण तो खाली बघत नव्हता, वर बघत होता, जोडदगडाकडे.

दगड आले नाहीत. मार्च लागायच्या आत दक्षिणेचा वारा सुटला, बर्फावर कोमट पाऊस पडला आणि रस्त्यांची लापशी झाली. जड गाड्यांना बंदीचे फलक लागले, ते दर वसंतात लागतातच. मी खाणीवर फोन केला, आरडाओरडा केला.

"बाई," तिकडचा माणूस म्हणाला, "माझा ट्रक तुमच्या रस्त्यावर घातला, तर तोच तुम्हाला काठाला लावावा लागेल."

स्टेलन तोवर शेवटचे ट्रेलर घेऊन बंदराकडे गेला होता.

मग तो शुक्रवार. ईस्टरआधीच्या उपासाचा, म्हणून संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळायचे होते, मी सकाळपासून बटाटे सोलत होते. डेल चिखलाच्या बुटांनीच स्वयंपाकघरात आला. मी तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं.

"चल," तो म्हणाला. "भेग पडलीय."

एल्डन दफनभूमीत गुडघ्यांवर होता. जोडदगडाच्या पुढे, काठाच्या बाजूला, गवतात एक लांबच लांब भेग गेली होती. त्याने तिच्यावर कुंपणाची तुटकी सळई आडवी ठेवली होती, भेग रुंदावते का ते बघायला. मी पोचले तेव्हा सळईचं एक टोक मोकळं हलत होतं. खाली, जिथे आमची शेवरले होती, तिथे तपकिरी पाणी खड्ड्यात शिरून गोल फिरत होतं आणि प्रत्येक फेरीला काठाची माती धपकन पडत होती.

"बर्फ अजून सुटला नाही," डेल म्हणाला. "वरच्या पुलापाशी अडकलाय. सगळा साठलाय तिथे."

बाकीचं सांगायला नको होतं. तो सुटला की दारांएवढ्या लाद्या वळणावर येऊन आदळणार, आणि वळणावर आता तेवढीच जागा उघडी. डार्लिनला हलवायचं म्हटलं तरी यंत्र त्या चिखलात येणार नव्हतं, आणि त्या भेगेवर फावडं घेऊन उभं राहणार कोण?

आम्ही हाताला लागेल ते टाकलं. जुने नांगर, गवताची दाताळी, गवताचे गोल भारे. भारे पाण्यात पडले आणि बुचासारखे तरंगत निघून गेले. डेलने ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी सुपातून पाडलेल्या शाळेच्या पायाचं काँक्रीट आणून ओतलं. ढेकळं गडगडत मधल्या धारेत गेली. नुसतं टाकून तिथे काही टिकत नव्हतं. त्यांना धरून ठेवायला खोकं हवं होतं, छप्पर असलेलं, खिडक्या असलेलं, दोर ओवता येईल असं. म्हणजे गाडी.

"कुणाकडे तरी असेलच," मी म्हणाले. "झाडांमागे एखादी..."

डेल माझ्याकडे बघत होता. कुणाकडेच नव्हती. ज्या गाड्यांना आम्ही जन्मभर भंगार म्हणून शिव्या घातल्या, त्यातली एकही उरली नव्हती.

"माझा पिकअप घालू," डेल म्हणाला.

"मागून उघडा आहे, माझाही तसाच," एल्डन म्हणाला. "दगड सांडतील."

तेवढंच बोलून तो उठला, गुडघ्यांचा चिखलही न झटकता कुरणातून घराकडे निघाला. मला वाटलं, दोर आणायला गेला. डेलने ढेकळं टाकणं चालूच ठेवलं. सळई भेगेत पडली. मी ती उचलून पुन्हा आडवी ठेवायला गेले, आता ती पोचेचना.

मग कोठारातून इंजिनाचा आवाज आला. रविवारी यायचा तोच.

मी धावले. चिखलात एक बूट रुतून राहिला, तशीच धावले. त्याने गोधड्या काढून घडी करून ठेवल्या होत्या. हो, घडी करून.

"एल्डन, वेडा झालास काय?" मी बॉनेटवर हात आपटले. "ही सोडून काहीही! ही विकली असतीस तर कुठेतरी नांदली तरी असती!"

"मार्व्हा," तो म्हणाला, "माझा ट्रॅक्टर आण. कुरणात ही आपली आपण चालणार नाही."

"डार्लिन काय म्हणेल?"

"ती आहे ओढ्यात पडायच्या बेतात," तो ओरडला. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "आण ट्रॅक्टर!"

मी ट्रॅक्टर आणला. मी ओढत होते, तो मागे कॅटलिनाच्या चाकावर बसून दिशा देत होता, जसा फुलांच्या दिवशी बसायचा तसाच ताठ. चिखल तिच्या दारांवर उडत होता. मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर हातून ट्रॅक्टर सुटला असता.

काठावर त्याने घाई केली नाही, आणि त्याचाच मला संताप येत होता. वरून, पुलाकडून, लाकडं मोडावीत तसे आवाज यायला लागले होते. त्याने एकेक काच खाली केली, चारही. इंजिन काढायला वेळ नव्हता. "असू दे. वजन होईल," म्हणाला. मग आम्ही तिघांनी त्या पांढऱ्या सीटांवर काँक्रीट भरलं. पहिलं ढेकूळ मागच्या सीटवर, जिथे फुलांचे डबे असायचे, तिथे त्याने स्वतः ठेवलं. ठेवलं, फेकलं नाही. त्यानंतर मात्र आम्ही फेकायलाच लागलो. डेलने दोर खिडक्यांतून ओवला, कापलेल्या जुन्या दोराला जोडला आणि दुसरं टोक कॉटनवूडला आवळलं.

"बाजूला व्हा," एल्डन म्हणाला आणि डेलच्या सुपाच्या ट्रॅक्टरवर चढला. सूप गाडीच्या पाठीला लावलं.

ती जाईना. पुढची चाकं चिखलात रुतली आणि ती काठावर अडून बसली. वर पूल दणाणला. आवाज इतका मोठा की पायांतून कळला. डेल ओरडत होता, "सुटला! बर्फ सुटला!" एल्डनने ट्रॅक्टर मागे घेतला आणि पुन्हा पुढे आणला, पूर्ण जोराने, काठाच्या इतका जवळ की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कॅटलिना नाकावर उभी होती, मागचा भाग आकाशाकडे. क्षणभर तशीच राहिली आणि मग खड्ड्यात मागे टेकली, काठाला पाठ लावून.

डेलने वरून तिच्या खिडक्यांत आणखी दोन सुपं ओतली, आणि लाद्या आल्या.

पहिली तिच्या दारावर आदळली. पत्रा किंचाळला. तो आवाज मी विसरणार नाही. दोर सणसणून ताणला, कॉटनवूडच्या सालीत घुसला. दुसरी लादी तिच्यावरून घसरून मधल्या धारेत गेली. तिसरीने तिचा मागचा दिवा नेला. मी एका हाताने डेलचा सदरा धरला होता आणि दुसऱ्या हाताने डार्लिनचा दगड, जणू काही तो मी धरून ठेवणार होते. एल्डन भेगेपाशी बसला होता. त्याने सळई उचलून उभी मातीत खोचली होती आणि तिच्यावरची नजर हलवत नव्हता.

सळई कलली नाही. बर्फ जात राहिला, जात राहिला आणि शेवटी नुसतं पाणी उरलं. वळणाच्या खालच्या अंगाला एक नॅश गेली. कॅटलिना राहिली.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये मासे कुणी तळले कोण जाणे. आम्ही तिघं त्याच्या स्वयंपाकघरात बसलो, ओलेचिंब, आणि एल्डनने विचारलं, "मार्व्हा, कोलाचे उरलेत का गं?" मी तिथेच हमसून रडायला लागले. तो मात्र नाही रडला. कोठाराकडची खिडकी होती, तिचा पडदा त्याने ओढून घेतला, एवढंच.

रस्ते वाळले तेव्हा मे निम्मा झाला होता. दगडांचे ट्रक आले, आणि त्यांच्यामागून स्टेलन. मी त्याला पत्र घातलं होतं, आणि ते गोड नव्हतं. फुलांच्या दिवशी आम्ही सगळे दफनभूमीत होतो. एल्डन कुरणातून चालत आला, दोन्ही हातांत पिओनीचे डबे घेऊन. चालत तो इतका लवकर पोचला की त्याचं त्यालाच कसंसं झालं असावं.

स्टेलन टोपी हातात धरून त्याच्याजवळ गेला. काठावरून खाली कॅटलिनाचा मागचा कोपरा दिसत होता, निळसर हिरवा, गाळातून वर आलेला. तिच्या काचेच्या चौकटीत वाळुंजाच्या चार काड्या फुटल्या होत्या.

"दगड आता आलेत," स्टेलन म्हणाला. "क्रेन आणतो. तिला काढतो, मुळं नीट कापून. तिकडे नेऊन जशीच्या तशी करतो आणि परत तुमच्या दारात आणून उभी करतो. विकायची नाही. तुमचीच. माझ्या खर्चाने." मला त्याचा राग होता, पण तेवढ्यापुरता गेला.

मी एल्डनकडे बघितलं. हो म्हण, मनात म्हटलं. मूर्खा, एकदा तरी हो म्हण.

एल्डनने डबे डार्लिनच्या दगडापाशी ठेवले, फुलं सारखी केली, त्याच्या नावापुढच्या कोऱ्या जागेवर पडलेली पाकळी बोटाने झटकली.

"नको," तो म्हणाला. "तुझे दगड खाली टाक, नॅश गेली तिथे. हिला राहू दे." मग काठाकडे मान केली. "मला इथवर पोचवणार होती. माझ्या आधीच येऊन बसली."